मनासारखा खेळ

२०२१च्या जानेवारीत सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की रडून झालेलं आहे. "दादा, तू एकदा येऊन त्याच्याशी बोल. तुझं तो ऐकतो."

तो म्हणजे माझा भाचा. इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागला आणि वर्षभरात टाळेबंदी आली. कंपनीचं काम घरून करायचं म्हणून सांगलीला परतला, माडीवरच्या खोलीत गेला, आणि तिथलाच झाला. दिवसा कंपनीचं काम, रात्री कॉम्प्युटरवर गेम. जेवणाचं ताट वर न्यायचं आणि रिकामं ताट खाली आणायचं, एवढाच माय-लेकरांचा व्यवहार उरला होता. "घरात भाडेकरू ठेवल्यासारखं झालंय," बहीण म्हणाली. "भाडेकरू निदान एक तारखेला दोन शब्द बोलतो तरी."

आठ महिन्यांपूर्वीच मी बँकेतून निवृत्त झालो होतो. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा निरोप समारंभ मोबाइलच्या पडद्यावर झाला. शाल-श्रीफळ पुढे कधीतरी देऊ, असं साहेबांनी त्या पडद्यातून सांगितलं, ते पुढे राहूनच गेलं. तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर होता, आणि मामा या नात्याने चार शब्द सुनावायचा अधिकारही. सांगलीला गेलो, चहा घेतला आणि माडी चढलो.

"काय खेळतोयस?" मी विचारलं.

"खेळत नाहीये मामा. शोधतोय. मनासारखा गेमच मिळत नाही."

त्याने मला एक यादी दाखवली. सतरा खेळांची नावं, कधी सुरू केला, कधी सोडला, आणि शेवटच्या रकान्यात सोडण्याचं कारण. 'सुरुवातीला मजा, नंतर मजुरी.' 'सगळे घाईत असतात.' 'पैसे मागतात.' 'इतक्या गर्दीत एकट्यानेच खेळावं लागतं.' मी आयुष्यभर कर्जाचे नामंजूर अर्ज पाहिलेला माणूस. शेराच्या रकान्यावरून अर्जदारापेक्षा अधिकाऱ्याबद्दल जास्त कळतं, हा माझा अनुभव. ती यादी मी लक्षात ठेवली. शिवाय त्याचं दुखणं मला अगदीच परकं नव्हतं. मनासारखी कादंबरी शोधत मी चाळीस वर्षं वाचतो आहे, आणि ती मिळत नाही म्हणून स्वतः लिहूनही पाहिल्या आहेत. समजावायला गेलेला मामा शेजारची खुर्ची ओढून बसला. खाली बहीण वाट बघत होती, तिला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

हा खेळ आहे तरी काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे सोंग घेणं ही फार जुनी गोष्ट आहे. दशावतारात रात्री राजा झालेला माणूस सकाळी नांगर धरतो. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात गावातलाच कुणी मुखवटा चढवून देव होतो, कुणी राक्षस. या खेळांत तेच असतं, फक्त गावाच्या जागी जगभरातली हजारो माणसं असतात. आपण एक सोंग निवडायचं, म्हणजे योद्धा, जादूगार, वैद्य किंवा चोर, आणि इंटरनेटवरून एका मोठ्या मुलखात उतरायचं. तिथे डोंगर आहेत, शहरं आहेत, बाजार आहेत. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी तो मुलूख चालूच राहतो. समोरून येणारा बुटका हा कोरियातला विद्यार्थी असेल किंवा कॅनडातली आजीबाई. अवघड कामगिरी एकट्याने होत नाही, चार-पाच जणांची टोळी लागते. एकाने पुढे राहून मार झेलायचा, दुसऱ्याने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी घाव घालायचे. दिंडीत वीणेकरी, टाळकरी, पखवाजी ज्याच्या त्याच्या जागी असले की पावलं पडतात, तसंच काहीसं.

याचं मूळ कागद-पेन्सिल आणि फाशांच्या एका खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. टेबलाभोवती मित्र बसायचे आणि एक जण गोष्ट पुढे न्यायचा. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तसं काहीतरी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर आणलं आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते पुढे वाढवलं. चित्र एकही नाही, सगळी अक्षरंच. 'तू एका अरुंद रस्त्यावर उभा आहेस' असं लिहून यायचं, मग आपण 'पूर्वेला जा' असं टाइप करायचं. कादंबरीकाराला हेवा वाटावा असा प्रकार.

पुढे याच बार्टलने १९९६ साली एक निबंध लिहिला. असे खेळ खेळणारी माणसं चार जातीची असतात असं सांगून त्याने त्यांना पत्त्यांतली चिन्हं दिली. चौकट म्हणजे कमावणारे, ज्यांना पायऱ्या, बक्षिसं आणि खजिना हवा असतो. इस्पिक म्हणजे खोदणारे, ज्यांना मुलूख पालथा घालून त्याची गुपितं शोधायची असतात. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, खेळ त्यांना गप्पांचं निमित्त. आणि किलवर म्हणजे सोटा घेऊन इतरांच्या डोक्यात घालणारे. या चौघांचा तोल साधला तर जग नांदतं, नाहीतर ओस पडतं. बँकेच्या शाखेतही हेच चार रंग असतात. नावं सांगत नाही, बरेच जण अजून पेन्शन घेत आहेत.

भाच्याने स्वतःला बेधडक चौकटीत टाकलं. मी इस्पिक निघालो. त्याचं निदान चुकीचं होतं हे कळायला आम्हाला पावणेचार वर्षं लागली.

पहिला खेळ त्याने माझ्यासाठी निवडला तो 'रुनस्केप'चा जुना अवतार. केंब्रिजच्या गोवर बंधूंनी २००१ साली हा खेळ आणला. पुढे तो सुधारत सुधारत इतका बदलला की जुन्या खेळाडूंना आपलं गावच ओळखू येईना. मग २०१३ साली कंपनीने मतदान घेतलं, लाखो लोकांनी कौल दिला, आणि २००७ सालची जुनी प्रत काढून पुन्हा चालू केली. मला हे फार आवडलं. वाडा पाडून इमारत बांधली आणि मग लोकांनी वाडाच परत मागितला, असं आपल्याकडे कधी झाल्याचं ऐकिवात नाही.

या खेळात लढाई सक्तीची नाही. लाकडं तोडा, मासे पकडा, चूल पेटवून ते भाजा. प्रत्येक कौशल्याच्या ९९ पायऱ्या. मी लाकूडतोड्या झालो. आठवडाभरात बऱ्याच पायऱ्या चढलो आणि हे तर सोपं आहे असं वाटायला लागलं, तेव्हा भाचा हसला. शेवटच्या पायरीला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२व्या पायरीला ६५,१७,२५३. म्हणजे ९२व्या पायरीवर तुम्ही जेमतेम निम्म्या वाटेवर असता. दर सातेक पायऱ्यांना रक्कम दुप्पट होते. चक्रवाढ व्याजाचं इतकं परखड दर्शन मी ठेवीदारांना कधी घडवू शकलो नव्हतो. पण महिनाभर झाडं तोडल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. शेजारी दहा जण तेच झाड तोडत होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कुणाला एकमेकांची गरजच नव्हती.

मग आम्ही आकाशात गेलो. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या कंपनीचा खेळ २००३ साली सुरू झाला. ग्रह-ताऱ्यांच्या अफाट पसाऱ्यात हजारो माणसं एकाच विश्वात जहाजं हाकतात, खाणी खणतात, कारखाने चालवतात आणि एकमेकांना लुटतात. एखादं कौशल्य शिकायला लावून कॉम्प्युटर बंद केला तरी ते तासांच्या हिशेबाने वाढत राहतं. ही तर मुदत ठेवच झाली. तिथल्या बाजाराची उलाढाल पाहायला कंपनीने २००७ साली चक्क एक अर्थतज्ज्ञ नेमला होता.

आणि तिथे एक बँक बुडाल्याचीही गोष्ट आहे. खेळाडूंनीच चालवलेली, खेळातल्याच पैशांच्या ठेवी घेणारी. २००९ साली तिच्या प्रमुखाने दोनशे अब्ज खेळातले पैसे काढले आणि बाहेर कोणाला तरी सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले. घराच्या हप्त्याची आगाऊ रक्कम आणि मुलाचं आजारपण, अशी कारणं त्याने दिली. बातमी फुटताच ठेवीदारांनी पैसे काढायला झुंबड लावली. गंमत अशी की चोरी ही खेळाच्या नियमांत बसत होती. त्याला हाकललं ते खेळातले पैसे खऱ्या पैशांना विकले म्हणून. ही हकीकत वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. शाखेबाहेर सकाळी सहापासून उभ्या राहिलेल्या ठेवीदारांची रांग मी एकदा पाहिली आहे. पैसे खोटे असोत की खरे, रांगेतल्या चेहऱ्यांवरची भीती एकाच जातीची असते.

खोट्या पैशांच्या खरेपणावर एका अर्थशास्त्रज्ञाने मोठं काम केलं आहे. 'एव्हरक्वेस्ट' नावाचा खेळ १९९९ साली आला, त्यातल्या मुलखाचं नाव नोराथ. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली तिथली नाणी आणि वस्तू बाहेर काय भावाने विकल्या जातात ते पाहून हिशेब मांडला. नोराथचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी बसत होतं. महागाईही तिथे आहेच. राक्षस मारला की नाणी मिळतात, आणि ती कोणाच्याच खिशातून येत नाहीत, म्हणजे नोटा छापण्यातलाच प्रकार. म्हणून खेळ रचणारे दुरुस्तीचे खर्च, प्रवासभाडं, बाजारातला कर लावून ती पुन्हा काढून घेतात. नळ किती सोडायचा आणि मोरी किती मोठी ठेवायची, हा त्यांचा रोजचा हिशेब. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता तेवढा तिथे नाही.

इतकं सगळं कळूनही मी स्वतः फसलोच. कोणत्या खेळात ते सांगत नाही. एका सज्जन दिसणाऱ्या गृहस्थाने बाजारात मला थांबवून सांगितलं की तुमचे पैसे दुप्पट करून देतो. आधी थोडे दिले, त्याने खरंच दुप्पट करून परत केले. मग मी सगळे दिले. आयुष्यभर ग्राहकांना ज्या जाळ्यापासून सावध केलं, त्यात मी पासष्टीच्या उंबरठ्यावर अडकलो. भाचा इतका हसला की बहीण धावत वर आली. त्या माडीवर दीड वर्षाने हसण्याचा आवाज आला होता, हे तिने मला नंतर सांगितलं.

२०२२मध्ये त्याची कंपनी पुन्हा सुरू झाली. तो पुण्याला गेला, मी ठाण्यात. आमचं शोधणं चालूच राहिलं, फक्त आता फोन कानाला लावून. त्या वर्षी आम्ही 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये होतो. २००४ साली सुरू झालेल्या या खेळाचे २०१०मध्ये एक कोटी वीस लाख वर्गणीदार होते. याच खेळात २००५ साली एक खोटी साथ पसरली होती. एका राक्षसाचा शाप पाळीव प्राण्यांच्या अंगावरून शहरात आला आणि खेळाडू पटापट मरू लागले. कोणी गावाबाहेर पळाले, कोणी मदतीला धावले, कोणी मुद्दाम रोग पसरवत हिंडले. पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिले. २०२० पाहिलेल्या आपल्याला त्यात नवल वाटणार नाही.

मला मात्र तिथल्या एका वेगळ्या गोष्टीने विचारात पाडलं. पूर्वी या खेळात गुहेत उतरायचं तर चौकात उभं राहून हाका माराव्या लागत. 'वैद्य पाहिजे, कोणी येतंय का?' तासभर वाट बघायची, तोवर गप्पा व्हायच्या, मग सगळ्यांनी चालत गुहेपर्यंत जायचं. जो चांगला खेळला त्याचं नाव लक्षात राहायचं, ज्याने लबाडी केली त्याचंही. २००९च्या डिसेंबरात एक सोय आली. बटण दाबा, यंत्र चार अनोळखी माणसं शोधून देतं आणि सगळ्यांना थेट गुहेत नेऊन सोडतं. काम झालं की जो तो नाहीसा. मी आणि भाचा अशा टोळ्यांतून पन्नासेक वेळा गेलो असू. एकाचंही नाव आठवत नाही.

हे मी आधी पाहिलं होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा पैसे काढायला आलेल्या माणसाला पितळी टोकन मिळायचं. ते मुठीत धरून तो बाकावर बसायचा. त्या अर्ध्या तासात शेजारच्याचा परिचय व्हायचा, स्थळं जुळायची, विहिरीला पाणी लागल्याच्या बातम्या कळायच्या, आणि कॅशियरशी भांडणही व्हायचं. मग एटीएम आलं. शाखेत ते बसवण्यासाठी वर अर्ज करणारा मीच. लोकांचा वेळ वाचला हे खरं, आणि तो अभिमान मला अजूनही आहे. पण पहिल्या महिन्यात एक म्हातारे पेन्शनर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं आहे, पण ते 'बसा' म्हणत नाही." तेव्हा मी हसलो होतो.

२०१९ साली त्याच कंपनीने जुना, गैरसोयीचा खेळही पुन्हा उघडला, आणि पहिल्या दिवशी माणसं त्यात शिरायला तासन्‌तास रांगेत थांबली. त्यांना रांगच हवी असावी. भाच्याला त्यातही गोडी लागली नाही. मला एक जपानी खेळ बरा वाटला, 'फायनल फँटसी १४'. २०१०मध्ये तो इतका वाईट निघाला की त्यांनी २०१२मध्ये आकाशातून चंद्र पाडून ते जग बुडवलं आणि २०१३मध्ये नवं उभारलं. नवख्याच्या डोक्यावर तिथे एक हिरवा कोंब दिसतो, म्हणजे बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. त्या कोंबामुळे मी पुष्कळ चुका सुखाने केल्या. पण आमच्या यादीत त्याच्याही नावापुढे शेरा पडला, आणि भाच्याने २०२३च्या सुरुवातीला जाहीर केलं, "मामा, बास. माझ्यासारख्याला गेम नाही."

मी थांबलो नाही, कारण मला एक गाव सापडलं होतं. टोल्किनच्या कादंबरीवर बेतलेला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' हा खेळ २००७ सालचा. चित्रं जुनाट, लढाया संथ. पण तिथे मी हॉबिट, म्हणजे कमरेएवढा बुटका झालो आणि पहिलं काम मिळालं ते टपाल पोचवायचं. पत्रांची पिशवी घेऊन पळायचं, आणि वाटेत चौकस शेजाऱ्यांच्या नजरेला पडायचं नाही, कारण त्यांनी थांबवून चौकशी सुरू केली की टपाल बुडालंच. सदाशिव पेठेतून गेल्यासारखं वाटलं. सोंग निवडलं गवयाचं आणि नाव घेतलं 'टोकन'.

या खेळात कोणी मरत नाही. इतर खेळांत प्राण मोजतात, इथे हिंमत मोजतात. मार बसला की हिंमत कमी होते, आणि ती पार संपली की माणूस मागे फिरतो, श्वास घेतो, पुन्हा येतो. गवयाचं काम जखमा बांधण्याचं नाही. टोळीच्या मागे उभं राहून वाजवायचं, म्हणजे पुढच्यांची हिंमत परत येते. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. निवृत्तीनंतरच्या त्या दिवसांत मला काय झालं होतं, याला मला शब्द सापडत नव्हता. तो एका खेळाच्या माहितीपत्रकात सापडला.

अमेरिकेतली रात्रीची आठची वेळ म्हणजे आपली उन्हाळ्यात पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. निवृत्त माणसाला यापेक्षा सोयीचा मुहूर्त नाही. "लोकांचे नवरे या वेळेला फिरायला जातात," असं बायको म्हणते. मीही फिरतोच म्हणा, पण ब्री गावाच्या बाजारात. तिथल्या पथिकाश्रमात मंडळी जमतात. खऱ्या वाद्यांसारखी सुरावट वाजवता येते, त्यामुळे जलसेही होतात. तिथल्या मंडळाला 'किनशिप' म्हणतात. भाच्याला मी त्याचं भाषांतर 'भाऊबंदकी' असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की मग लढाईला बाहेर जायची गरजच काय. पण आमची भाऊबंदकी गुणी निघाली. ओहायोतल्या एक निवृत्त परिचारिका, एक ट्रकचालक, नवराबायकोची एक जोडी आणि मी. त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा मी पाहिलेला नाही.

त्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. बारा दिवसांनी उठून बसलो आणि सवयीने पहाटे कॉम्प्युटर लावला. खेळातल्या माझ्या टपालपेटीत नऊ पत्रं होती. 'टोकन, कुठे आहेस?' 'टोकन, बरा आहेस ना?' परिचारिकाबाईंनी पत्राला स्वतः रांधलेल्या कचोऱ्या जोडल्या होत्या, अर्थात खेळातल्याच. खाल्ल्या की हिंमत वाढते अशा. माझ्या नसण्याची दखल कुठेतरी घेतली गेली होती. शाल-श्रीफळ मिळालं नाही ही खंत त्या दिवशी कुठे गेली ते कळलं नाही.

२०२४च्या भाऊबिजेला बहीण आणि भाचा ठाण्याला आले. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि दुपारी आम्ही नॉर्वेच्या मॅट्स स्टीनवरचा माहितीपट लावला. तो नुकताच घरबसल्या बघायला मिळू लागला होता. मॅट्सला स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार होता. चाकांच्या खुर्चीतून तो हजारो तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकटा जगला, मैत्री-प्रेम काही न अनुभवता गेला, याचं आईवडिलांना अपार दुःख होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली आणि देशोदेशींहून पत्रं यायला लागली. खेळात त्याचं नाव आयबेलिन होतं. त्याने कोणाला नैराश्यातून बाहेर काढलं होतं, कोणा आईला तिच्या मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. ऑस्लोच्या अंत्यविधीला त्याच्या खेळातल्या मंडळाची माणसं आली.

चित्रपट संपला तेव्हा बहीण पदराने डोळे पुसत होती. मग तिने मुलाकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "तुझ्या त्या खेळांत तुला ओळखणारं कोण कोण आहे रे?"

भाचा काही बोलला नाही. रात्री त्याने ती जुनी यादी काढली. आता तीत सव्वीस नावं होती. आम्ही शेराचा रकाना पुन्हा वाचला. सगळे घाईत. कोणी बोलत नाही. एकट्याने खेळावं लागतं. चित्रं वाईट, राक्षस सोपे, बक्षिसं कमी अशी तक्रार सव्वीसपैकी एकाही खेळाबद्दल नव्हती. चौकटीचा नव्हताच तो, बदामचा होता. आणि बदामच्या माणसाने दर तीन महिन्यांनी गाव बदललं तर त्याला ओळखणार कोण? बँकेत आम्ही नव्या खातेदाराला विचारायचो, ओळख देणारा कोणी आहे का? ओळख द्यायला जुना खातेदार लागतो, आणि जुना व्हायला वर्षं जावी लागतात.

हे सगळं गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी कित्येक घरं धुळीला मिळवली, म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. मी सांगतो ते खेळ त्यातले नव्हेत. पण यांनाही शेवट नसतो. कादंबरी संपते, बुद्धिबळाचा डाव संपतो, हे संपत नाहीत. रोज या, रोज हे घ्या, अशी आमिषं त्यात मुद्दाम पेरलेली असतात. खेळापायी झोप, अभ्यास, नोकरी सुटत गेली आणि तरी थांबता येईना, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून लागू केलेल्या रोगांच्या यादीत त्याला आजार म्हटलं आहे. तिथे मामाचा उपयोग नाही, डॉक्टरच गाठावा. आमच्या घरचा प्रश्न तो नव्हता, एवढंच. आमच्या मुलाने दार लावून घेतलं होतं आणि तो आत बसून माणसं शोधत होता. हे त्याला ठाऊक नव्हतं, तर खाली स्वयंपाकघरात बसलेल्या त्याच्या आईला कुठून कळणार?

आता तो दर रविवारी पहाटे आमच्या भाऊबंदकीत येतो. पुढे उभं राहून मार झेलायचं काम त्याच्याकडे आहे आणि मागून मी वाजवतो. चित्रं जुनाट असल्याची तक्रार तो अजून करतो. यादीत या खेळाचं नाव त्याने घातलं आहे, सुरू केल्याची तारीखही टाकली आहे, शेवटचे दोन रकाने कोरे आहेत. मागे त्याला कंपनीच्या कामाने तीन रविवार जमलं नाही, तेव्हा ट्रकचालकाने मला विचारलं, "तुझा भाचा कुठे आहे?" मी तो निरोप पुण्याला कळवला. पलीकडे क्षणभर शांतता, मग म्हणाला, "सांग त्यांना, पुढच्या रविवारी येतो."

बहिणीला या खेळातलं अजूनही काही कळत नाही, आणि कळून घ्यायची तिला हौसही नाही. पण आषाढात ती दोनदा वारीला जाऊन आली आहे, त्यामुळे चालणाऱ्या माणसांना काय विचारायचं ते तिला माहीत आहे. रविवारी आठच्या सुमाराला तिचा फोन येतो, आधी मुलाला आणि मग मला. "झालं का रे दादा? आज मुक्काम कुठे?"